बुलबुल आणि झामीर

पेसाहच्या आधीच्या आठवड्यात आमच्या अभ्यासवर्गात 'शिर हश्शिरीम'चा दुसरा अध्याय चालू होता. वर्ग म्हणजे तरी काय, मोअदोनच्या मागच्या खोलीत संध्याकाळी जमणारी पंधरावीस माणसे, चहाचा थर्मास, आणि हिब्रू मजकुराखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून भरलेल्या वह्या. अकराव्या पासूकपर्यंत गाडी सुरळीत चालली. पावसाळा सरला, इथवर सर्वांचे एकमत होते. बाराव्या पासूकात 'झामीर' हा शब्द आला आणि वर्ग तिथेच अडला.

एका गृहस्थांच्या वहीत झामीर म्हणजे 'बुलबुल' असे लिहिले होते. वही त्यांच्या वडिलांची, मुंबईहून आणलेली, म्हणून त्यांना ती प्रमाण. समोर बसलेल्या आजीबाईंनी ताबडतोब हरकत घेतली. "अहो, बुलबुल माझ्या गच्चीवर रोज येतो. शेसेकचं एक फळ धड ठेवत नाही. तो कसला शिर हश्शिरीमात?" तिसरे गृहस्थ अनेक वर्षे एका मोशावमध्ये द्राक्षांच्या मळ्यात काम केलेले. त्यांचे म्हणणे, झामीर हा पक्षीच नव्हे, ती द्राक्षवेलीची छाटणी! इतक्यात आजीबाईंना घरी न्यायला आलेली त्यांची नात दारात उभी राहून सर्व ऐकत होती. ती हिब्रूत म्हणाली, "सव्ता, बुल्बूल हा आमचा शब्द आहे. तुमच्या मराठीत तो कुठून आला?"

आजीबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आईने नागावला मला हा शब्द शिकवला, तेव्हा मला अलेफसुद्धा ओळखता येत नव्हता."

वाद त्या दिवशी मिटला नाही. तेव्हा आम्ही सर्वांना शब्द दिला की पुढच्या अंकात हा विषय नीट उलगडून लिहू. खालील पाठ हा त्या शब्दाची फेड आहे. प्रश्न तीन आहेत. बुलबुल हा शब्द कोणाचा? तो कोणत्या पक्ष्याचा? आणि शिर हश्शिरीममधला झामीर म्हणजे बुलबुल म्हणावा की नाही?

प्रथम पक्षी पाहू, कारण पक्षी डोळ्यांसमोर असला म्हणजे शब्द पकडीत येतो. येथे इस्राएलात जो बुलबुल आपण रोज पाहतो, त्याचे डोके काळे, अंग करडे-तपकिरी, डोळ्याभोवती पांढरे कडे आणि शेपटीच्या बुडाशी पिवळा ठिपका. सुमारे २० सेंटिमीटर लांब. दक्षिण तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून सिरिया, लेबनॉन, इस्राएल, जॉर्डन, सिनाई आणि अरबस्तानच्या पश्चिम-दक्षिण भागापर्यंत त्याची वस्ती आहे. फळबागा हे त्याचे आवडते ठिकाण. शहरांतून बागा आणि फळझाडे वाढली तसा तो शहरांतही घरचा झाला. अंजीर, शेसेक, द्राक्षे, तुती, काही त्याला वर्ज्य नाही. आवाज गोड आहे, शीळ घातल्यासारखा, पण सुटासुटा. लांबलचक आलापी त्याच्याकडे नाही.

आता आपल्या कोकणातला बुलबुल आठवा. तिथे दोन प्रकार नेहमी दिसत. एकाचे डोके काळे, अंग गडद तपकिरी आणि शेपटीखाली लालभडक ठिपका. त्याला मराठीत 'लालबुड्या बुलबुल' म्हणतात. दुसऱ्याच्या डोक्यावर टोकदार काळी शेंडी, गालावर लाल टिकली, पोट पांढरे. हा 'शिपाई बुलबुल', काही ठिकाणी 'नारद बुलबुल'. अलिबाग, पेण, रोहे भागात वाढलेल्या वाचकांना हा शेंडीवाला अधिक आठवत असेल, कारण कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर तो फार.

हे तीनही पक्षी, येथला एक व तिथले दोन, शास्त्राच्या हिशेबाने एकाच कुळातले, इतकेच नव्हे तर 'पिक्नोनोटस' ह्या एकाच प्रजातीतले सख्खे भाऊबंद आहेत. पिक्नोनोटस म्हणजे ग्रीक भाषेत 'दाट पाठीचा'. येथल्या बुलबुलाचे जातिनाम 'झँथोपायगोस', म्हणजे पिवळ्या बुडाचा. हिब्रूतही त्याला पूर्वी 'बुल्बूल त्साहोव-शेत' म्हणत. शेत म्हणजे बूड. आता पक्षिशास्त्राच्या यादीत 'बुल्बूल मेमुश्काफ', म्हणजे चष्मेवाला बुलबुल, असे अधिक सभ्य नाव लावले आहे. मराठी माणसाने 'लालबुड्या' म्हटले, हिब्रूने 'पिवळबुड्या' म्हटले. दोन्हीकडच्या लोकांची नजर एकाच जागी गेली, ह्याची आम्हांस गंमत वाटते.

तेव्हा आजीबाईंना गच्चीवर बुलबुल दिसला आणि त्यांनी तो ओळखला, ह्यात काही चूक झाली नाही. नागावचा बुलबुल आणि येथला बुलबुल हे खरोखरच एका घरचे आहेत.

परंतु नाव?

'बुलबुल' हा शब्द मराठीचाही नाही आणि हिब्रूचाही नाही. तो अरबी आणि फारसी भाषांतला आहे. कोशकार बहुधा त्याचे मूळ अरबीकडे देतात, आणि त्याला कीर्ती मिळवून दिली ती फारसीने. अरबीत त्याचे अनेकवचन 'बलाबिल'. शब्द आवाजावरून पडला असावा हे ऐकताच कळते. पाखरांची नावे अशीच पडतात. कावळा काव-काव करतो म्हणून कावळा. कोकिळेचे नाव संस्कृतात कोकिल, इंग्रजीत कुकू, हिब्रूत कुकिया. ह्या भाषा एकमेकींना भेटल्या नसत्या तरी त्या पक्ष्याने तिघींनाही तेच शिकवले असते.

पण अरबी-फारसीतला बुलबुल आपल्या गच्चीवरचा नव्हे, हे येथे लक्षात घ्यावयाचे. फारसी कवितेतला बुलबुल म्हणजे इंग्रजीतला नाइटिंगेल. हा अगदी निराळ्या कुळातला पक्षी. दिसायला साधा, वरून तपकिरी, शेपटी तांबूस. ना शेंडी, ना ठिपका. झुडपात दडून बसतो, सहसा दिसत नाही. पण गळा असा की ऐकणाऱ्याने वाट विसरावी. इंग्रजी नावाचा जुना अर्थच 'रात्री गाणारा'. इराणच्या बागांत वसंतात गुलाब फुलतात त्याच सुमारास तो गातो, म्हणून गुल आणि बुलबुल, प्रिया आणि प्रियकर, ही जोडी फारसी कवींनी शेकडो वर्षे गाइली. अत्तारच्या १२व्या शतकातल्या पक्ष्यांच्या काव्यात हाच बुलबुल गुलाबाला सोडून प्रवासाला यायला नकार देतो. शिराझच्या हाफिझची तर त्याच्यावाचून गझल सरत नाही. इतके, की ह्या पक्ष्याच्या पूर्वेकडील प्रकाराला शास्त्रज्ञांनी एके काळी 'हाफिझी' असे नाव दिले होते. तुर्की भाषेतही 'ब्युल्ब्युल' म्हणजे नाइटिंगेलच.

मग तो हिंदुस्थानात कसा आला? पक्षी आला नाही, नाव आले. फारसी ही दिल्लीच्या व दख्खनच्या दरबारांची भाषा होती. बहामनी, निजामशाही, आदिलशाही ह्यांच्या काळात ती कोकणापर्यंत उतरली. दरबारी माणसाच्या तोंडी बुलबुल, मनात बुलबुल, पण बागेत नाइटिंगेल नाही, कारण तो हिंदुस्थानात घरटे करीत नाही. बागेत फळझाडावर जो चपळ, गोड आवाजाचा, माणसाला न भिणारा पक्षी दिसला, त्याला ते नाव बहाल झाले. लखनौला आणि आसामात त्याच्या झुंजी लावण्याचा शौकही झाला. हाफिझच्या विरही प्रियकराची झुंज लावणे म्हणजे काय, हे वाचकांनीच ठरवावे.

मराठीत हा शब्द असा रुजला की परका वाटेनासा झाला. शिवाजी महाराजांनी 'राजव्यवहारकोश' करवून राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देवविले; पण ते कचेरीपुरते होते. बाग, गुलाब आणि बुलबुल ह्यांना कोणी हात लावला नाही. 'शिपाई बुलबुल' हे आपले खास मराठी वाटणारे नाव पाहा, त्यातले दोन्ही शब्द फारसीच्या वाटेने आलेले आहेत! पुढे ह्या नावाचा विस्तार वाढतच गेला. पेटीसारखी बटणे आणि खाली तारा असलेले 'बुलबुलतरंग' हे वाद्य मुंबईच्या चाळीतून वाजे. त्याचा मूळ घाट जपानहून आला, नाव आपण दिले. स्काउट-गाइडच्या चळवळीत शाळेतल्या लहान मुलींच्या पथकाला 'बुलबुल' म्हणत, आणि आजही म्हणतात. आमच्या वाचक भगिनींपैकी काहींनी तो गणवेश घातला असेल.

इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानातूनच उचलला आणि तिथे गोंधळ दुप्पट झाला. विलायतेत फारसी कविता वाचून आलेला साहेब बुलबुल ऐकायला बागेत जाई आणि निराश होऊन परते. जर्डन ह्या पक्षिशास्त्रज्ञाने १८६०च्या दशकात हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात त्याने ही तक्रार नोंदवली आहे, की ह्या नावामुळे ह्या बिचाऱ्या पक्ष्याच्या गळ्याविषयी लोकांच्या भलत्याच अपेक्षा होतात. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' ह्या प्रसिद्ध कोशाने त्याचे ते मत पुढे दिले.

शास्त्रज्ञही ह्या पक्ष्याच्या बाबतीत चुकलेच. लालबुड्या बुलबुलाचे शास्त्रीय जातिनाम आहे 'काफर'. ते लिनियसने १७६६ साली दिले, कारण हा पक्षी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाचा, केप ऑफ गुड होपचा, अशी त्याची समजूत करून देण्यात आली होती. तो तिथला नाही. पण शास्त्राचा नियम असा की आधी दिलेले नाव टिकते. आज अडीचशे वर्षे तो कोकणी पक्षी आफ्रिकेचे आडनाव लावून हिंडतो आहे.

ह्यावर वर्गातल्या त्या वहीवाल्या गृहस्थांनी आम्हांस विचारले, "म्हणजे आपण आयुष्यभर चुकीचे नाव घेत आलो?" आम्हांस तसे वाटत नाही. नाव मूळ मालकाकडून निघून दुसऱ्याकडे गेले, आणि पिढ्यान्‌पिढ्या सर्वांनी त्याला त्याच नावाने हाक मारली, म्हणजे ते त्याचेच झाले. तसे नसते तर आपल्या आडनावांचे काय झाले असते? अश्दोदमध्ये वाढलेल्या पेणकराने पेण पाहिलेले नाही, दिमोनातल्या चेऊलकराला चेऊल नकाशात शोधावे लागते. म्हणून ती नावे खोटी ठरत नाहीत. मुंबईत तर याहून मोठे उदाहरण आहे. आपले वाडवडील सिनेगॉगला 'मशीद' म्हणत. १७९६ साली उभारलेले 'शाआर हाराहामीम' हे जुनी मशीद म्हणूनच ओळखले जाई, आणि तिथल्या रेल्वे स्टेशनचे 'मस्जिद' हे नाव आपल्याच मशिदीवरून पडले असे सांगतात. रोज हजारो लोक तिथे चढतात-उतरतात. किती जणांच्या मनात तेव्हा सेफेर तोरा येत असेल?

आणि येथे इस्राएलातही टर्की पक्ष्याला 'तर्नगोल होदू', म्हणजे हिंदुस्थानचा कोंबडा, म्हणतातच की. तो कोंबडा मूळ अमेरिकेचा. कोलंबसाने त्या भूमीला हिंदुस्थान समजण्याची जी चूक केली, तिचे हे उरलेले शेपूट. नवीन आलो तेव्हा दुकानात ते नाव ऐकून आम्हांस वाटले होते, की हा आपल्या गावाकडचा कोणी असावा.

आता नातीचा प्रश्न. हिब्रूत बुल्बूल कसा आला? तानाखमध्ये हा शब्द नाही. येथल्या अरबी बोलीत ह्या काळ्या डोक्याच्या पक्ष्याला बुलबुल म्हणत आणि म्हणतात. आधुनिक हिब्रूने तो शब्द अरबीच्या तोंडून घेतला. म्हणजे पाहा: एकच शब्द, एक शाखा पूर्वेकडे फारसीबरोबर कोकणात गेली, दुसरी येथेच अरबीत राहिली आणि हिब्रूला मिळाली. दोन्हीकडे तो नाइटिंगेलवरून सरकून ह्या फळचोरावर येऊन बसला. आजीबाईंनी एक शाखा नागावहून बरोबर आणली, नातीला दुसरी शाळेत मिळाली, आणि गच्चीवर दोघींची गाठ पडली. तेव्हा नातीने "आमचा" म्हणावे आणि आजीने "आमचा" म्हणावे. दोघींनीही तो उसनाच घेतलेला आहे. मात्र उसनवारीत आजीचे घराणे जुने आहे, हे नातीला सांगायला हरकत नाही. हिब्रूने तो काल-परवा घेतला. मराठीने काही शतकांपूर्वी.

(लहान मुलांच्या हिब्रू बोलीत ह्या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तो येथे छापण्याजोगा नाही. नातवंडे बुलबुलाचे नाव घेऊन उगाच खिदळू लागली, तर कारण तेच समजावे.)

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिब्रूत 'बिल्बूल' म्हणजे गोंधळ, आणि 'मेवुल्बाल' म्हणजे गोंधळलेला. उल्पानमध्ये पहिल्या महिन्यात हा शब्द आपल्या प्रत्येकाला लागू होता! स्वरचिन्हे न घालता लिहिले तर बुल्बूल आणि बिल्बूल ही सख्खी भावंडे वाटतात, आणि वर्गात कोणीतरी म्हणालेही, की पक्ष्यांच्या किलबिलाटाचा गोंधळ म्हणून बुल्बूल. हे ऐकायला छान, पण खरे नव्हे. बिल्बूल ज्या धातूतून निघतो त्याचा अर्थ मिसळणे, कालवणे. बेरेशीथच्या अकराव्या अध्यायात बाबेलच्या बुरुजाची कथा आहे, तिथे भाषा कालवल्या गेल्या म्हणून त्या शहराचे नाव बाबेल, असा शब्दांचा खेळ केलेला आहे. तो ह्याच धातूवर. खुद्द बाबेलचे लोक आपल्या शहराच्या नावाचा अर्थ 'देवाचे द्वार' असा करीत. तोरा तिथे व्युत्पत्तिकोश लिहीत नाही, गर्विष्ठ शहराला त्याच्याच नावाने टोला देते. अरबीतही 'बल्बल' म्हणजे मन अस्वस्थ करणे, असे क्रियापद आहे, आणि जुन्या कवींनी त्याचा बुलबुलाशी श्लेष केला. पण श्लेष हा कवीचा हक्क. त्यावरून नाते ठरवू नये. तसे म्हटले तर हिंदीत बुडबुड्याला 'बुलबुला' म्हणतात, म्हणून पक्षी काही पाण्यातून निघत नाही.

आता तिसरा आणि अवघड प्रश्न: शिर हश्शिरीममधला झामीर.

आजच्या हिब्रूत झामीर म्हणजे नाइटिंगेल, ह्यात शंका नाही. 'झामीर हय्यार्देन' हे त्याचे नाव. यार्देन नदीकाठच्या झाडीत आणि उत्तरेत तो वसंतात गातो, आणि स्थलांतराच्या दिवसांत इतरत्रही ऐकू येतो. म्हणजे हाफिझचा खरा बुलबुल आजच्या हिब्रूत झामीर आहे. ज्या कोणी त्या जुन्या वहीत झामीर म्हणजे बुलबुल लिहिले, त्यांच्या मनात फारसी-उर्दूतला बुलबुल असला, तर त्यांनी काही वावगे लिहिले नाही. वावगे झाले ते वाचणाऱ्याच्या मनात गच्चीवरचा बुलबुल उभा राहिला म्हणून.

पण आजच्या हिब्रूचा अर्थ शलोमो हमेलेखच्या पुस्तकाला लावता येतो का? १९व्या शतकात हिब्रू पुन्हा लौकिक विषयांसाठी लिहिली जाऊ लागली, तेव्हा पूर्व युरोपातल्या लेखकांना प्रत्येक पशुपक्ष्याला नाव हवे होते. मेंडेले मोखेर स्फारिम ह्यांनी १८६२ ते १८७२ ह्या काळात सृष्टिविज्ञानाचे तीन खंड हिब्रूत काढले, त्यांत अशा नावांसाठी तानाख आणि गमारा पिंजून काढावे लागले. नाइटिंगेल युरोपचा लाडका. त्याला शिर हश्शिरीममधला झामीर मिळाला. १८९९ साली पोलंडातल्या वूज शहरी यहुदी गायकांचा जो प्रसिद्ध संघ निघाला, त्याने आपले नाव 'हज्झामीर' ठेवले. शब्द पक्का झाला. पण तो अलीकडे पक्का झाला, हे विसरू नये.

मूळ पासूकात झामीर काय आहे? तानाखमध्ये पक्षी म्हणून ह्या शब्दाचा दुसरा एकही दाखला नाही. त्यातली तीन अक्षरे, झाइन, मेम, रेश, दोन निराळ्या अर्थांची आहेत. एक गाणे, मिझमोर, झेमिरोत हे आपले रोजचे शब्द त्यातलेच. दुसरा अर्थ छाटणे. वय्यिक्राच्या पंचविसाव्या अध्यायात सहा वर्षे द्राक्षमळा छाटावा असे सांगितले आहे, ते ह्याच अक्षरांनी. म्हणजे मोशाववाले गृहस्थ हवेत बोलत नव्हते. तोराचे जुने ग्रीक भाषांतर आणि पुढे लॅटिन भाषांतर ह्या दोहोंनीही ह्या ठिकाणी छाटणीचाच काळ म्हटले आहे. याउलट राशींनी ११व्या शतकात अर्थ दिला तो पाखरांच्या गाण्याचा: वाटसरूंच्या कानांना गोड वाटावे असे पाखरे गाऊ लागतात, असा त्यांचा आशय आहे. ध्यानात घ्यावे, राशी पाखरे म्हणतात, एखाद्या जातीचे नाव देत नाहीत.

छाटणीच्या बाजूने जमिनीतून निघालेला एक पुरावाही आहे. १९०८ साली गेझेर येथे, म्हणजे रामले-लोदच्या आपल्या वस्तीपासून फार दूर नाही, चुनखडीची एक लहानशी पाटी सापडली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर शेतीच्या कामांप्रमाणे वर्षाचे महिने नोंदले आहेत: पेरणीचे, जवस उपटण्याचे, जवाच्या कापणीचे, असे. त्यात 'झमर'चे दोन महिने आहेत, कापणीनंतर आणि उन्हाळी फळांच्या आधी. तिथे झमर म्हणजे गाणे नव्हे, वेलींची निगा, छाटणी, हे उघड आहे.

छाटणीला विरोध करणारे म्हणतात, की द्राक्षवेल थंडीत छाटतात. शिर हश्शिरीममध्ये तर पावसाळा संपून फुले आली आहेत. हा आक्षेप आमच्या मोशाववाल्यांना मान्य नाही. पहिली छाटणी थंडीत, आणि कोवळे फुटवे खुडायची दुसरी उन्हाळ्याच्या तोंडाशी, असे ते स्वतः करीत आले. ज्यांनी नाशिककडचे मळे पाहिले आहेत त्यांनाही वर्षातून दोन छाटण्या नवीन नाहीत. तिथे एक एप्रिलची आणि एक ऑक्टोबरची.

मग कोण जिंकले? आम्ही म्हणतो, पासूकच जिंकला. त्याची रचना पाहा. झामीरच्या आधी जमिनीवर दिसणारी फुले आहेत. झामीरच्या नंतर 'तोर' ह्या पक्ष्याचा देशात ऐकू येणारा आवाज आहे. मागे झाडे, पुढे पाखरे, आणि मध्ये असा शब्द की ज्याला झाडाचाही अर्थ आहे आणि गाण्याचाही. मागे पाहिले तर छाटणी, पुढे पाहिले तर गाणे. सायरस गॉर्डन ह्या अमेरिकन यहुदी पंडिताने १९७८ साली हे दाखवून दिले आणि अशा रचनेला दोन तोंडांच्या रोमन देवाचे नाव दिले. त्यानंतर तानाखमध्ये अशा आणखी जागा अनेकांनी शोधल्या. आपल्याकडे श्लेष म्हणतात तोच हा. पण शोभेचा नव्हे, दोन ओळींना जोडणारा, दाराच्या बिजागरीसारखा.

मराठीत असा एक शब्द मिळेल का, ह्यावर वर्गाने पुढचा सबंध तास घालवला. 'कोकिळा' एकाने सुचवली. आम्ही ती मानली नाही. कोकिळा आली की तिच्याबरोबर आंब्याचा मोहर येतो आणि सगळे दृश्य उठून कोकणात जाते; शिवाय येथल्या वसंतात ती नाही. 'बुलबुल' ठेवावा तर वर सांगितलेला सर्व घोटाळा. 'छाटणी' म्हटले तर गाणे गेले. एका बाईंनी 'बहर' सुचवला. बहर झाडालाही येतो आणि गाण्यालाही. हा त्यातल्या त्यात जवळचा होता, पण त्यात कात्री नाही, अशी मोशाववाल्यांची तक्रार. (आणि बहर हाही फारसीतून आलेला, हे आम्ही मुद्दामच सांगितले नाही. तास संपत आला होता.)

शेवटी असे ठरले, की वहीत मुख्य ओळीत 'पाखरांच्या गाण्याची वेळ' असे राशींना धरून लिहावे आणि समासात 'किंवा वेलींच्या छाटणीची' असे बारीक अक्षरात लिहावे. शुक्रवारी संध्याकाळी जे शिर हश्शिरीम म्हणतात त्यांनी शब्द झामीर असाच म्हणावा, हे सांगायला नकोच. वडिलांच्या वहीतला 'बुलबुल' खोडावा का, हा प्रश्न त्या गृहस्थांनी हळूच विचारला. कोणी खोडा म्हणाले नाही. त्यांनी त्याच्या पुढे कंसात 'फारसी' इतकेच लिहिले.

नात पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, ह्या वेळी दारात न थांबता आत येऊन बसली. तिने विचारले, की साळुंकीला येथे 'माइना' म्हणतात, तो शब्दही तुमच्याकडचा का? तो मात्र खरोखर आपल्याकडचा, मैना. पक्षीही आपल्याकडचाच, १९९०च्या दशकाच्या शेवटी तेल अवीवच्या बाजूला पिंजऱ्यातून सुटलेल्या काही जोड्यांपासून त्याची वस्ती वाढली, आणि आता तो येथल्या पक्ष्यांची बिळे-घरटी बळकावतो म्हणून सरकारी तज्ज्ञ त्याच्यावर नाराज आहेत. आजीबाई म्हणाल्या, "बघ, तो आमच्याकडून आला तर भांडकुदळ निघाला."

पुढील पाठ त्याच पासूकातल्या 'तोर'चा. तोर म्हणजे होला, कवडा की पारवा, हे ज्याच्या त्याच्या गावावर अवलंबून आहे असे आताच दिसू लागले आहे. वाचकांपैकी ज्यांना आपल्या गावी ह्या पक्ष्याला काय म्हणत ते आठवत असेल, त्यांनी गावाच्या नावासह आम्हांस कळवावे.